जंगल झाडणाऱ्या बाई

जंगलात फिरायला जाताना लोक दुर्बीण नेतात, कॅमेरा नेतात, डोक्यावर टोपी घालतात. आम्ही खराटा न्यायचो. खोटं नाही सांगत. अंगण झाडायला असतो तसला, लांब दांड्याचा, बांबूच्या काड्यांचा खराटा. रविवारी सकाळी तो खांद्यावर टाकून बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातून बसस्टँडकडे निघालं की दुकानांच्या पायऱ्यांवर चहा पीत बसलेली मंडळी विचारायची, "काय भाऊ, कुठं चालले?" मी म्हणायचो, "जंगलात." मग पुढं कोणी काही विचारायचं नाही. नुसतं एकमेकांकडे बघायचे. ही सगळी मेहरबानी बाईंची.

बाई म्हणजे आमच्या मराठी शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई. ठेंगण्या, काटक, आवाज मात्र तापीच्या पल्याड जाईल असा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते त्यांना बहुतेक कोणी कळवलंच नव्हतं. रस्त्यात जुना विद्यार्थी दिसला की केसांपासून चपलेपर्यंत तपासणी. विद्यार्थी स्वतः आजोबा झालेला असला तरी सुटका नाही. आमच्या वर्गातला एक जण पुढं मोठा पुढारी झाला. त्याला एकदा भर चौकात, आजूबाजूला त्याचेच कार्यकर्ते उभे असताना, बाई म्हणाल्या, "नखं दाखव." आणि त्यानं दाखवली ना! दोन्ही हात पुढं करून.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर निंबोल्याकडचे केळीवाले जळलेल्या मोटरी घेऊन येतात. प्रत्येकाचं एकच म्हणणं, "लाइटीनं जळाली, भाऊ." मोटर उघडली की मला समजतं, विहिरीत पाणी नसताना यानं ती तशीच चालू सोडली होती. पण गिऱ्हाइकाला तोंडावर 'तुझ्याच हातानं जळाली' म्हणायची सोय नसते. ते उठून शेजारच्या दुकानात जातं. म्हणून मी म्हणतो, "हाव दादा, लाइटच खराब आहे आपल्याकडची." गिऱ्हाईक खूश, मी पण खूश. इतकी वर्षं धंदा असाच चाललाय.

बाई एकदा टेबल फॅन घेऊन दुकानात आल्या. तो फॅन काय, बुशिंगला दोन थेंब तेल दिलं की झालं, पण तेवढ्या वेळात त्यांनी माझी हजेरी घेतली. "रविवारी काय करतोस?"

मी खरं बोललो आणि तिथंच फसलो. म्हटलं, "झोपतो, बाई."

"म्हणून हे पोट. पहिल्या खंडव्याच्या बसला ये. फाल्गुन लागलाय."

मला वाटलं, असीरगडावर न्यायचं असेल. चला, गड होईल, वरून हवा लागेल, खाली येऊन कचोरी खाऊ. बुऱ्हाणपुरात जन्म गेला तरी शाळेच्या सहलीनंतर मी गडावर गेलो नव्हतो. बायकोला, सुनंदाला, तसं सांगून नवीन बूट घालून निघालो. बसस्टँडवर विलास उभा. तो माझ्याच वर्गातला, आता कागद कारखान्यात नोकरीला. त्याच्या पायातही नवीन बूट. त्यालाही गडच वाटला होता.

गडाच्या थोडं अलीकडे बाईंनी बस थांबवली. डावीकडे नाल्याच्या कडेनं सागाच्या जंगलात एक पायवाट शिरते. मी म्हटलं, "बाई, गड तर पुढं आहे."

"गड कुठं पळून चाललाय?" म्हणाल्या आणि वाटेला लागल्या.

तेव्हापासून दर फाल्गुनातला प्रत्येक रविवार आम्ही त्या वाटेवर काढला, आणि गडावर एकदाही गेलो नाही. इंदूरची माणसं येऊन गड बघून जातात. जळगावची येतात, फोटो काढतात, जातात. आम्ही मात्र रोज उठून उंबऱ्यात बसणाऱ्या म्हातारीसारखे गडाच्या पायथ्याशीच. झाडांच्या फटीतून तो वर दिसायचा. विलास त्याच्याकडे बघून मोठा सुस्कारा टाकायचा. मग बाई म्हणायच्या, "दम लागला का रे, कागद?"

हो, ते एक राहिलंच. नावानं हाक मारायची नाही असा त्यांचा नियमच होता. विलास 'कागद' आणि मी 'मोटर'. "कागद, पुढं पळू नकोस. मोटर, बंद का पडलीस?" असं चालायचं.

आणि नियम तरी किती! बाईंच्या पुढं कोणी चालायचं नाही. बाई थांबल्या की थांबायचं, आणि त्या थांबायच्या म्हणजे थांबायच्याच. बघितल्याशिवाय फोटो काढायचा नाही, 'व्वा' म्हणायचं नाही, काही तोडायचं नाही. फाल्गुनात सागाची पानं गळून वाटेवर पापडासारखी वाळलेली असतात, त्यांच्यावर पाय पडला की आवाज होणारच. तर बाई मागे वळून डोळे वटारायच्या. "तू आलास हे सगळ्या जंगलाला कळवायलाच पाहिजे का?" मी काय उडत येणार होतो?

सगळ्यात मोठं संकट म्हणजे प्रश्न. बाईंचा आवडता प्रश्न परीक्षेत असायचा तोच, 'कारणे द्या'. आणि उत्तर पूर्ण वाक्यात. पळस फुलला होता. सगळा उतार पेटल्यासारखा दिसत होता, खरंच सुंदर, कोणीही गप बसून बघत राहिलं असतं. पण नाही. "पळसाला पानं नसताना फुलं येतात. कारण दे, मोटर."

मी म्हटलं, "त्याची मर्जी."

"शून्य. कागद?"

विलास म्हणाला, "पाखरांना लांबून दिसावीत म्हणून."

"अर्धा गुण. वाक्य कुठं आहे? कोणाला दिसावीत? काय दिसावीत? कशाला दिसावीत?"

पन्नाशीला आलेला माणूस, स्वतःची पोरं कॉलेजात, आणि जंगलात उभा राहून म्हणतोय, "पळसाला पानं नसताना फुलं येतात, कारण पानांच्या आड न लपल्यामुळे ती फुलं मधासाठी येणाऱ्या पाखरांना लांबून दिसतात." तेव्हा कुठं पाय पुढं टाकायची परवानगी. तरी पूर्ण गुण नाहीतच. पूर्ण गुण बाईंनी शाळेतही कोणाला दिले नाहीत. पहिल्या नंबरच्या पोरीलाही नाही. म्हणायच्या, "पूर्ण गुण दिले की माणूस शिकायचं थांबतो."

एकदा कुठूनतरी 'टुक टुक टुक' असा आवाज येत होता. एकसुरी, न थांबणारा. मी सहज म्हटलं, कोणाचा तरी पंप चालू आहे. झालं! तो पक्षी तांबट असून तो डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं फर्मान निघालं. आम्ही तिघं माना वर करून एका वडाखाली उभे. मान दुखली, पाय दुखले, कपाळावर मुंगी चढली. शेवटी तो दिसला. मुठीत मावेल एवढा, हिरवा, कपाळाला कुंकू लावल्यासारखा. एवढ्याशा जिवाचा केवढा तो आवाज! बघून बरं वाटलं, हे मी नाकारत नाही, पण बाईंना तसं कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्याचंही कारण द्यावं लागलं असतं.

खाण्याचीही तीच तऱ्हा. एकदा मी हौसेनं आपली बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी नेली. डबा उघडतो न उघडतो तोच वरून एक वानर उतरलं, सगळा डबाच घेऊन फांदीवर जाऊन बसलं आणि बोटं चाटत खायला लागलं. मी दगड उचलला. बाईंनी माझाच हात धरला. "बघ, शेवटचा तुकडा पिलाला दिला तिनं. तू दिला असतास?" म्हणजे जिलेबी माझी, डबा माझा, सासरचा स्टीलचा डबा, आणि शाबासकी वानराला! घरी गेल्यावर सुनंदानं डब्याबद्दल विचारलं. मी खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "बाईंचं बरोबरच आहे."

खराट्याची भानगड मात्र दुसऱ्या वर्षी सुरू झाली.

नाला ओलांडला की उतारावर मोहाचं एक जुनं झाड आहे. तिघांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही असं. जंगल सरकारचं असलं तरी कोणत्या मोहाखालची फुलं कोणत्या घरानं वेचायची हे तिथल्या वस्त्यांत आजे-पणज्यांपासून ठरलेलं असतं. हे झाड एका म्हातारीच्या घरचं. तिला सगळे बडी माय म्हणायचे. मोहाची फुलं पहाटे टपटप खाली पडतात. खाली वाळक्या पानांचा थर असला तर ती त्यात हरवतात. म्हणून वेचणी सुरू व्हायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन मोकळी करायची, ही तिकडची रीत. काडी लावायची, मोकळं करायचं. पण वारा असला की ती आग झाडाखालीच राहत नाही, उतारभर पसरते.

आम्ही पोचलो तेव्हा बडी माय काडेपेटी घेऊनच उभी होती. बाई तिच्यावर धावून गेल्या. "हे काय करतेस? लहान रोपं जळतात, घरटी जळतात..." असं लांबलचक व्याख्यान. बडी मायनं ते शांतपणे, तंबाखू मळत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पत्ते में फूल दिखे नी, बाई। तू झाड़ दे। मैं नी जलाऊँ।"

आता हे तिनं चिडवायला म्हटलं होतं, हे विलासला कळलं, मला कळलं, फांदीवरच्या कावळ्यालाही कळलं असेल. फक्त बाईंना कळलं नाही. बाई म्हणाल्या, "ठरलं."

पुढच्या रविवारी बसस्टँडवर बाईंच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेले तीन खराटे होते.

तुम्ही कधी जंगल झाडलंय का? झाडू नका. वरून पानं पडतच असतात. इकडून झाडत तिकडं जावं तोवर इकडं पुन्हा तेवढीच. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, नाकात धूळ, आणि बडी माय एका खडकावर आरामात बसून काठीनं दाखवतेय, "उधर का रह गया।" मी बाईंना म्हटलं, "बाई, ही आपल्याला फुकट राबवून घेतेय."

"तिनं शब्द दिलाय, आपणही दिलाय," बाई म्हणाल्या. "झाड."

आणि म्हातारीनं शब्द पाळला हेही खरं. त्यानंतर त्या झाडाखाली तिनं कधी काडी लावली नाही. का लावेल? आयते तीन नोकर मिळाले होते.

घरी सुनंदाला तर करमणूकच झाली. माझा खराटा काढून ठेवत म्हणायची, "जंगलात झाडता म्हणे. घरात कधी हातात धरला नाही तो? आपलं अंगण काहून दिसत नाही तुम्हाला?" याला माझ्याकडे ना कारण होतं, ना पूर्ण वाक्य.

एक-दोन वर्षं अशी झाडण्यात गेल्यावर बाईंना तिथं एक रोपटं सापडलं. झाडलेल्या जागेच्या कडेला, मोहाचंच, वीतभर, चार पानांचं. बाई त्याच्यासमोर मटकन खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पण त्या बोलायला लागल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न न विचारता बोलल्या.

"या उताराकडे बघा. मोह किती आहेत, पण सगळे म्हातारे. एक तरी तरणा दिसतो का? दरवर्षी बी रुजतं आणि दरवर्षी जळतं. आपल्या शाळेसारखं झालंय. शेवटी शेवटी मास्तर होते, बाकं होती, घंटा होती. पोरंच नव्हती. हे एक जगवायचं. माणसाच्या डोक्यावर गेलं की मग आग त्याचं काही करू शकत नाही. तेवढं उंच झालेलं मला बघायचंय."

आमची शाळा विद्यार्थी नाहीत म्हणून बंद पडली तेव्हा कुलूप लावताना बाई हजर होत्या. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. विलासनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं गुपचूप झाडायला लागलो.

त्या दिवसापासून आमचं काम डबल. बाई मूळच्या निंबोल्याच्या, केळीच्या मळ्यात वाढलेल्या. त्यांचं म्हणणं, "आमच्याकडे बुडाशी पाला टाकतात. ऊन लागत नाही, ओल टिकते." म्हणून मोहाखालचा झाडलेला सगळा पाला लुगड्यात भरायचा, फरफटत आणायचा आणि रोपट्याभोवती चांगला जाड थर द्यायचा. कल्पना कोणालाही पटण्यासारखीच होती. मी पण मळेवाल्यांमध्ये वावरलेला माणूस, मलाही पटली. आणि रोपटं खरोखर तरारलं. दरवर्षी बाई त्याच्याशेजारी आपली छत्री उभी करून उंची बघायच्या. आधी छत्रीच्या टोकाशी होतं ते अर्ध्यावर आलं, मग मुठीपर्यंत. मुठीपर्यंत आलं त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. सगळी बस झोपली होती आणि त्या एकट्याच खिडकीबाहेर बघत हसत होत्या.

इतकी वर्षं दगडधोंड्यांतून, नाल्यांतून चाललेल्या बाई कधी ठेचकाळल्याही नाहीत. पडल्या त्या न्हाणीघरात. माघात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, निंबोल्याच्या भाच्यानं देखभालीला एक बाई ठेवली, आणि आमच्या बाई बुधवाऱ्यातल्या खोलीत पलंगावर. पण तोंड चालूच. फाल्गुन लागला तसा शनिवारी संध्याकाळी दुकानात फोन. "मोटर, उद्या रविवार."

"बाई, तुम्ही बऱ्या व्हा, मग जाऊ ना."

"मी बरी होईपर्यंत पानं गळायची थांबणार आहेत का? कागदला घेऊन जा. आणि यंदा ऊन लवकर तापलंय. रोपट्याला पाला दुप्पट टाका."

गेलो. काय करणार? झाडलं. पाला दुप्पट टाकला, म्हणजे खरंच दुप्पट, रोपट्याच्या कमरेपर्यंत रास आली. येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी रास किती, सावली कुठून, माती कशी, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक." त्यांच्या तोंडी 'ठीक' म्हणजे बक्षीसच.

पुढच्या रविवारी बसमधूनच दिसलं. उतार काळा होता. आठवड्यात केव्हातरी पलीकडच्या अंगानं वणवा आला होता. कोणाची काडी, कोणाची विडी, कोण सांगणार! नाला ओलांडून आम्ही जवळजवळ पळतच गेलो, आणि तिथं पोचल्यावर विलास म्हणाला, "अरे, वाचलं की!"

मोठा मोह वाचला होता. आम्ही झाडलेल्या जागेच्या कडेपर्यंत आग आली होती आणि खायला काही नाही म्हणून तिथंच थांबली होती. झाडाखाली स्वच्छ मातीवर पहिली फुलं पडली होती आणि बडी माय ती टोपलीत वेचत होती. फक्त त्या स्वच्छ जागेच्या कडेला एक काळं वर्तुळ होतं. गोल, नीट, परातीएवढं. मधोमध बोटभर काळी काडी. ठिणगी उडून आली असेल, आणि सगळ्या मोकळ्या जागेत तिला पेटायला एकच रास सापडली, आम्ही रचलेली. आम्ही त्या रोपट्याची होळीच रचून ठेवली होती.

विलासनं खराट्याच्या दांड्यानं ती राख उकरून बघितली. मग म्हणाला, "बाईंना सांग, वणव्यात गेलं. खोटं कुठं आहे त्यात?" आणि त्याला दुपारची ड्यूटी होती म्हणून तो परस्पर निघून गेला. नेहमीसारखं मीच उरलो.

मी खोलीत शिरलो तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्या हातात खराटा तसाच. त्यांनी माझं तोंड बघितलं.

"सांग."

"जळलं, बाई."

"पूर्ण वाक्यात."

मला एवढा राग आला! वाटलं, खराटा तिथंच आपटावा आणि म्हणावं, बाई, पुरे झालं आता. शाळा संपली, तुम्ही रिटायर झालात, मी म्हातारा होत आलो. पण त्या मोडलेल्या खुब्यासकट माझ्याकडे वाकून ऐकायला बसल्या होत्या. मी म्हटलं, "आपलं मोहाचं रोपटं वणव्यात जळलं."

"म्हातारीनं काडी लावली. मला माहीत होतं. शब्द पाळणारी नव्हेच ती."

आता बघा, किती सोपं होतं. मी नुसता 'हाव' म्हणायचा अवकाश. रोज दुकानात म्हणतोच की. लाइट खराब आहे, दादा. बाई त्या म्हातारीला चार शिव्या घालून मोकळ्या झाल्या असत्या आणि शांत झोपल्या असत्या. पण ती म्हातारी मला डोळ्यांसमोर दिसत होती, स्वच्छ मातीवरून फुलं वेचताना.

"तिनं नाही लावली, बाई. तिच्या झाडाखाली काही जळलं नाही. आग पलीकडून आली."

"मग मोह वाचला?"

"वाचला."

"मग रोपटं का जळलं? कारण दे."

"वारा होता, बाई."

"चूक."

"ठिणगी उडाली."

"अर्धा गुण. ठिणग्या तर सगळीकडे उडाल्या असतील. तिथंच का पेटलं?"

मी खाली बघत उभा. नववीत उभा राहायचो तसाच. खाली गल्लीत कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं, "तू जळलेल्या मोटरी उघडून बघतोस ना रे? तुला कारण माहीत आहे. बोल."

मग मी बोललो. "बाई, मोकळ्या जमिनीवर आग आली नाही, पण आपण रोपट्याभोवती वाळका पाला रचून ठेवला होता, म्हणून ते जळलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"बाई, राहू द्या ना."

"वाक्य अपुरं आहे."

"तुमच्या सांगण्यावरून."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील. नाही रडल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर. पूर्ण गुण."

जन्मात पहिल्यांदा मला बाईंकडून पूर्ण मार्क मिळाले. काय करायचे ते? मी खाली येऊन पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. गल्लीतला तो गाडीवाला किक मारायचा थांबून बघत राहिला.

पावसाआधीच बाई गेल्या. शेवटी भेटलो तेव्हाही "पुढच्या वर्षी पाला नाल्यात टाक, लांब" एवढंच दोनदा सांगितलं. मी "हाव, हाव" म्हटलं.

यंदा फाल्गुन लागला तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की आता आपण मोकळे. रविवारी दुपारपर्यंत झोपणार. आणि कधीतरी सगळे मिळून गडावर जाऊ. रविवारी अंधारातच डोळा उघडला. कूस बदलली, पुन्हा बदलली. शेवटी चिडून उठलो. दाराशी बघतो तर खराटा कोपऱ्यातून काढून कोणीतरी दारापाशी टेकवून ठेवलेला, आणि शेजारी भाकरीचं फडकं. सुनंदा आतून म्हणाली, "डबा देत नाही. वानरं नेतात."

विलासची ड्यूटी होती, एकटाच गेलो. वाटेत तांबट ओरडत होता, त्याला शोधायला थांबलो नाही, मुद्दाम. काळ्या वर्तुळाचा मागमूस नव्हता. तिथं गवत वाळून उभं होतं आणि त्यात, त्या जळक्या काडीच्या बुडातून, दोन फांद्या फुटून वर आल्या होत्या. मी छत्री आणली नव्हती. खराटा शेजारी उभा करून बघितला. अजून बरंच जायचं आहे.

झाडायला लागलो. पाला लुगड्यात भरून थेट नाल्यापर्यंत फरफटत नेऊन टाकला. पाठ मोडली. बाईंना मनातल्या मनात काय काय बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात बडी माय टोपली घेऊन आली, खडकावर बसली, आणि बाई का आल्या नाहीत म्हणून वाटेकडे बघत म्हणाली, "बाई नी आई?"

"नाही," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. एवढं उत्तर पुरणार नव्हतं, तिलाही आणि मलाही. मी खराटा टेकवून सरळ उभा राहिलो.

"बाई गुज़र गई, माय। इसलिए मैं आया।"

बडी मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बराच वेळ ती त्या दोन फांद्यांकडे बघत बसली. मग काठी उचलून झाडाच्या पलीकडच्या अंगाला दाखवत म्हणाली, "उधर का रह गया।"

तिकडचं खरंच राहिलं होतं. मी तिकडं गेलो.